एका भित्र्या प्राण्याचा जगप्रवास



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "उंदीर." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग अतिशय आदबीने प्रश्न आला, "म्हणजे शेतीच्या नुकसानीच्या संदर्भात का?" नाही हो. साधा उंदीर. फलाटाखालचा, मंडईच्या गटारातला, तुमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यामागचा. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर प्राणिशास्त्र शिकवत. पोरांना घेऊन रानावनांत हिंडत. पण शाळेच्या कुंपणाशी एखादं बीळ दिसलं, तर त्याच्यापुढेही तेवढ्याच भक्तिभावाने उकिडवे बसत. तेव्हा विषयाची परवानगी मी थेट सरांकडूनच घेतली आहे असं समजा.

जरा हात वर करा पाहू. वाघ कुणी कुणी पाहिलाय? ठीक, बरेच आहेत, ताडोबाची कृपा. आणि उंदीर? सगळ्यांनीच. मग सांगा, उंदराच्या पुढच्या पायाला बोटं किती? बघा, शांत झालात. वाघाच्या अंगावरचे पट्टे ओळखून त्याला नावाने हाक मारणारी मुलं इथे बसली आहेत आणि उंदराच्या बोटांवर अडली. पुढच्या पायाला चार, मागच्या पायाला पाच. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

आधी ओळखपरेड उरकू. आपल्याकडे घरात, माळ्यावर, कौलांत, नारळाच्या झाडावर जो सडपातळ, मोठ्या कानांचा उंदीर दिसतो तो काळा उंदीर. त्याची शेपटी डोक्यासकट धडाहून लांब असते. हा मूळचा आपल्याच उपखंडातला आणि चढण्यात पटाईत. आजचे आपले पाहुणे वेगळे, तपकिरी उंदीर. अंगाने दणकट, वजन साधारण २०० ते ५०० ग्रॅम, नाकाड बोथट, कान लहान, शेपटी धडापेक्षा आखूड आणि जाड. हा वर चढण्यापेक्षा खाली खणतो. याला पाहून लोक "बापरे, घूस!" म्हणून किंचाळतात. पण मोठी घूस याच्याहून पुष्कळ मोठी, पाठीवर राठ, लांब केस. चिडली की ते केस उभारते आणि गुरगुरते. शहरांत छोटी घूस म्हणून आणखी एक जात भरपूर आहे, ती अंधारात भल्याभल्यांना फसवते. आणि लांब नाकाची, चुकचुक करत भिंतीकडेने पळणारी, उग्र वासाची चिचुंद्री? ती उंदीरच नाही. ती किडे खाणारी, वेगळ्याच कुळातली. तिला उंदरांच्या पापात उगाच धरू नका.

तपकिरी उंदराचं शास्त्रीय नाव रॅटस नॉर्व्हेजिकस. १७६९ मध्ये जॉन बर्केनहाउट या इंग्रज निसर्गाभ्यासकाने ते ठेवलं. हे उंदीर इंग्लंडात नॉर्वेकडच्या जहाजांतून आले अशी तेव्हा समजूत होती. नॉर्वेचा यात काडीचा संबंध नाही. याचं मूळ घर उत्तर चीन आणि मंगोलियाकडचे थंड गवताळ प्रदेश. तिथे ओढ्याच्या काठावर बीळ करून, दाणे, किडे, मिळेल ते खाऊन राहणारा हा प्राणी. अठराव्या शतकात तो युरोपभर पसरला, तिथून जहाजांनी अमेरिकेला गेला. भारतात त्याचा जोर बंदरं आणि मोठी शहरं इथेच. आत, देशावर, तो तुलनेने विरळ. हे सगळं का सांगतोय? कारण ओढ्याचा काठ समजला की मुंबईचं गटार समजतं. वाहतं पाणी, बाजूला खणता येईल अशी माती, पाण्यातून वाहत येणारं अन्न. मंगोलियातून आलेल्याला आणखी काय हवं?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. उंदराविषयी आपण तीन गोष्टी गृहीत धरतो. तो धीट आहे, तो भटक्या आहे आणि तो गलिच्छ आहे. मी आज तुम्हाला उलटं सांगायला उभा आहे. उंदीर पराकोटीचा भित्रा आहे, कमालीचा घरकोंबडा आहे आणि स्वतःच्या अंगाच्या बाबतीत आपल्यापैकी बऱ्याच जणांहून टापटिपीचा आहे. त्याने जग जिंकलं ते याच भित्रेपणाच्या जोरावर.

रात्री भाजीबाजार बंद झाला की जरा लांब, भिंतीला टेकून उभे राहा. मोबाइल खिशात. बिळाच्या तोंडाशी आधी फक्त नाक दिसतं. मिश्या सारख्या पुढे-मागे हलत असतात, एका सेकंदात पाच-दहा वेळा. अंधारात त्या मिश्याच त्याचे डोळे. नाक आत जातं. पुन्हा येतं. पुन्हा जातं. तुम्हाला वाटतं, निघाला. तो निघत नाही. मग अचानक अख्खा उंदीर बाहेर येतो आणि पहिली गोष्ट कुठली करतो? भिंत गाठतो. अंगाची एक बाजू भिंतीला घासत, त्याच्या ठरलेल्या वाटेने जातो. रोज त्याच वाटेने गेल्यामुळे भिंतीवर त्याच्या अंगातल्या तेलाचा आणि मळाचा काळपट पट्टा उमटतो. मोकळ्या जागेतून तो चालत नाही. ओलांडावीच लागली तर धावतो. आता तो काय खातो ते बघा. भाताचं शीत मिळालं तर जागेवर खातो. अर्धा पाव मिळाला तर तो तोंडात धरून बिळाकडे पळतो. हावरेपणा? मुळीच नाही. शीत संपायला क्षण लागतो, पाव खायला बराच वेळ. तेवढा वेळ उघड्यावर बसणं म्हणजे घुबडाला आमंत्रण. जितका मोठा घास तितका जास्त धोका, हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का आहे.

त्याच्या वाटेत एक वीट ठेवून द्या. विटेत खाण्यासारखं काही नाही, भिण्यासारखंही काही नाही. तरी तो थबकेल, वळसा घालेल, काही रात्री त्या वाटेला येणारच नाही. नवीन वस्तूची ही भीती रानटी उंदरात फार खोल आहे. घरात नवा पिंजरा आणला की पहिले दोन-तीन दिवस त्यात काही सापडत नाही आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो. पिंजरा चांगलाच असतो हो. तो तिथे जुना व्हायला हवा, इतकंच.

ही भीती का? कारण उंदराला उलटी होत नाही. आपल्या पोटात काही वाईट गेलं तर आपण ते बाहेर टाकू शकतो. उंदराच्या शरीरात ती सोयच नाही. आत गेलं ते गेलं. मग जो प्राणी चूक पोटातून परत काढू शकत नाही, त्याने काय करावं? तो चूक तोंडातच पकडतो. नवं अन्न दिसलं की चिमूटभर खातो आणि थांबतो. बिघडलं नाही, तर पुढच्या वेळी थोडं जास्त. बिघडलं, तर त्या चवीला जन्मभर रामराम. १९५५ मध्ये अमेरिकेत जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड पाणी पिऊन झाल्यावर किरणोत्साराने मळमळ झालेला उंदीर नंतर गोड पाण्याला तोंड लावत नाही. आजारी पडण्याचं कारण पाणी नव्हतंच. पण उंदीर दोष चवीला देतो. एकदा खाल्लेली चव आणि बऱ्याच वेळाने आलेली मळमळ यांची गाठ तो एका फटक्यात बांधतो.

आणि हे ज्ञान तो एकट्यापुरतं ठेवत नाही. बाहेरून खाऊन आलेल्या उंदराच्या तोंडाचा वास बिळातले बाकीचे घेतात. कॅनडातल्या बेनेट गेलेफ यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून हे दाखवलं: सोबत्याच्या श्वासाला ज्या अन्नाचा वास येतो, ते अन्न इतर उंदीर पसंत करतात. "हा खाऊन आला आणि जिवंत आहे" हा त्या वासाचा अर्थ. पिल्लांना तर आईच्या दुधातूनच तिच्या जेवणाची ओळख होते. आपल्याकडे आजी नातवाला सांगते, बाहेरचं खाऊ नकोस. तिथे आजी वासाने सांगते.

आता या भित्र्या प्राण्याला विष कसं घालणार? जलद मारणारं विष खाऊन एखादा जरी अर्धमेला होऊन वाचला, तर तो ती चव पुन्हा जवळ करत नाही. म्हणून १९४८ मध्ये बाजारात आलेल्या वॉर्फरिनने चमत्कार केला. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत हे प्रकरण सुरू झालं ते गुरांच्या आजारावरून. सडलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गाईगुरं अंतर्गत रक्तस्रावाने मरत होती. त्यातला रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला, त्यावरून हे विष बनलं. त्याची गंमत अशी, की ते काही दिवसांनी मारतं. उंदराच्या हिशेबात आजचं जेवण आणि चार-पाच दिवसांनंतरचं मरण यांचा मेळ बसत नाही. त्याचा सावधपणा इथे हरला. पण किती दिवस? १९५८ मध्ये स्कॉटलंडच्या शेतांवर वॉर्फरिन पचवणारे उंदीर सापडले. दरम्यान तेच वॉर्फरिन माणसाचं औषध झालं होतं. या सभागृहात कुणाच्या आजोबांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली असेल, तर रक्त पातळ ठेवणारी ती गोळी त्यांच्या डब्यात असण्याची दाट शक्यता आहे. आजोबांना आज घरी गेल्यावर लगेच सांगू नका.

दुसरी गोष्ट, घरकोंबडेपणाची. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात उंदरांवर मोठं काम झालं. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर पकडून, खुणा करून, सोडून पाहिले. बहुतेक उंदीर आपल्या बिळापासून दहा-वीस मीटरांच्या परिसरात आयुष्य काढत होते. रस्ता ओलांडून समोरच्या चौकात जाणं म्हणजे त्यांच्यासाठी परदेशगमन. मग असा प्राणी जगभर गेलाच कसा? तो गेला नाही, आपण नेला. धान्याच्या पोत्यांत, जहाजांच्या तळघरांत, गवताच्या भाऱ्यांत. घरातून न हलणाऱ्याचं घरच आपण उचलून नेलं.

बिळात काय असतं? बोगदे, एक-दोन घरटी, साठवणीची जागा आणि अडीअडचणीला पळून जायला मातीने हलकेच झाकलेली चोरवाट. एका वसाहतीतल्या माद्या पुष्कळदा एकाच घरट्यात पिल्लं ठेवतात आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. पिल्लं जन्मतात ती डोळे मिटलेली, उघडी, गुलाबी. डोळे उघडतात साधारण दोन आठवड्यांनी. मग लुटुपुटीची कुस्ती सुरू. खेळात ती एकमेकांच्या मानेवर नाक टेकवायला धडपडतात. खऱ्या भांडणात चावा पाठीमागे, ढुंगणाकडे बसतो. कुठे नाक लागतंय हे पाहिलं की खेळ चाललाय की मारामारी, हे तुम्ही लांबूनही सांगू शकता.

आणि अंग? उंदीर जागेपणाचा मोठा वेळ स्वतःला चाटण्यात घालवतो आणि त्यालाही क्रम आहे. आधी पुढचे पंजे चाटतो, ते नाकावरून फिरवतो, मग डोळे, कानांच्या मागून पुढे दोन्ही पंजे एकदम, मग कुशी, पोट आणि सगळ्यात शेवटी शेपटी, मुळापासून टोकाकडे. मध्येच काही वाजलं तर थांबतो. गटारात राहतो म्हणून गलिच्छ म्हणायचं असेल, तर गटार कुणी भरलं हेही विचारावं लागेल.

कानांचा विषय निघालाच आहे, तर एक आठवण करून देतो. सिद्धिविनायकाला गेलात की लोक चांदीच्या उंदराच्या कानात आपली इच्छा सांगताना दिसतात. निवड अगदी योग्य आहे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, उंदराला त्याच्या तिपटीहून जास्त. त्यांची बरीच बोलणी आपल्या कानांच्या वरच्या पट्टीत चालतात. घाबरलेला उंदीर २२ किलोहर्ट्झच्या आसपास लांब आवाज काढतो. आणि खेळताना, आनंदात? ५० किलोहर्ट्झच्या आसपास छोटे छोटे चीत्कार. १९९० च्या दशकाच्या शेवटी ओहायोत याक पांकसेप यांनी पाळीव उंदरांना बोटांनी चक्क गुदगुल्या केल्या. ते चीत्कार वाढले, आणि उंदीर गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे मागे येऊ लागले. याला हसणं म्हणायचं की नाही यावर विद्वानांत वाद आहेत. असोत. हात मागे घेतल्यावर उंदीर पुन्हा हाताशी येत होते, हे महत्त्वाचं.

आता संख्या. वर्तमानपत्रात दर पावसाळ्याला एक गणित छापून येतं: उंदराच्या एका जोडीपासून वर्षात इतके हजार उंदीर. गणित कागदावर बरोबर आहे. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा, एका वेताला सात-आठ पिल्लं, व्याल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः आईबाप होऊ शकतात. गुणाकार करत बसलात तर सोसायटीभर उंदरांचा गालिचा व्हायला हवा. तो का होत नाही? कारण बहुतेक रानटी उंदीर पहिला वाढदिवससुद्धा पाहत नाहीत. गव्हाणी घुबड, धामण, मांजर, कुत्रा, घार, पुराचं पाणी, मोटारीचं चाक आणि मुख्य म्हणजे दुसरे उंदीर.

दुसरे उंदीर कसे? जॉन कॅल्हून या संशोधकाने १९४७ मध्ये बाल्टिमोरजवळच्या टाउसनमध्ये चौथाई एकराचं कुंपण घातलं, काही उंदीर आत सोडले आणि खायला-प्यायला मुबलक ठेवलं. शत्रू नाहीत, उपास नाही. दोन वर्षांहून अधिक काळ तो पाहत बसला. हिशेबाने हजारो व्हायला हवे होते. संख्या कधी दोनशेच्या पुढे गेली नाही. दीडशेच्या आसपास घुटमळली. उंदरांनी ती जागा आपसात वाटून घेतली होती. बलवान टोळ्या अन्नाजवळ, दुबळे कडेला, आणि कडेच्या माद्यांची पिल्लं जगत नव्हती. म्हणजे एका ठिकाणी किती उंदीर राहतील हे जागा, आडोसा आणि अन्न ठरवतं. वरचे उंदीर खालच्यांना जागा करून देत नाहीत.

आता हे मुंबईला लावून बघा. महापालिकेचे रात्रपाळीचे उंदीर मारणारे कामगार तुम्ही ऐकून असाल. हातात काठी आणि टॉर्च, एका रात्रीचा कोटा तीस उंदरांचा. उजेडात डोळे दिपलेल्या उंदरावर अचूक काठी घालणं हे फार मोठं कसब आहे. त्या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण तीस मेले म्हणजे बिळात तीस जागा रिकाम्या झाल्या. उरलेल्यांना अन्न वाढलं, कडेच्या माद्यांना आत शिरकाव मिळाला, त्यांची पिल्लं जगू लागली. बाल्टिमोरमध्येही उंदीर पकडून मोकळ्या केलेल्या वस्त्या काही महिन्यांत पुन्हा भरल्या. जिथे कचऱ्याची आणि मोडक्या कुंपणांची व्यवस्था लावली, तिथे संख्या उतरली आणि उतरलेलीच राहिली. तुमच्या गल्लीत उंदीर किती, हे गल्लीतले उंदीर ठरवत नाहीत. रात्री अकरानंतर फुटपाथवर किती ओला कचरा उघडा पडतो, ते ठरवतं. वडापावच्या गाडीवरून घरी जाताना आपण कागदात गुंडाळून काय फेकतो, ते ठरवतं.

आता ज्या गोष्टीशिवाय महाराष्ट्रात उंदरावर बोलताच येत नाही, ती गोष्ट. प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, गाठी येऊन माणसं मरू लागली. हा प्लेगच आहे असं आधी ओळखलं ते गोव्याचे डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. पुढचं तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहे: घरोघरच्या झडत्या, पुण्यातला रँड, २२ जून १८९७ ची रात्र, चापेकर बंधू. मला सांगायचं आहे ते पुस्तकात एका ओळीत आटपतं ते.

आपल्या खेड्यापाड्यांत तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. "उंदीर पडायला लागले" की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. आढ्यावरून मेलेला उंदीर घरात पडला की त्या घरात माणसाने थांबायचं नाही. ही अडाणी समजूत आहे असं साहेबाला वाटत होतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की प्लेग उंदराकडून माणसाकडे येतो तो पिसवेमार्फत. उंदीर मेला, त्याचं अंग थंड पडलं, की पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. सिमाँवर बरीच वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही.

मग मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत (तीच आजची हाफकिन संस्था), प्लेग कमिशनने ते पडताळून पाहिलं. प्रयोग इतका साधा की तुम्ही तो मनात करून बघू शकता. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. एक जमिनीपासून दोन इंच वर, दुसरा दोन फूट वर. खालच्याला प्लेग झाला, वरच्याला नाही. हवा तीच, खोली तीच. फरक एकच: पिसू दोन फूट उडी मारू शकत नाही. आणखी एका पिंजऱ्याभोवती चिकट कागद अंथरला. पिसवा कागदाला चिकटल्या, आतला प्राणी वाचला. दोन फूट दोरी आणि थोडा चिकट कागद, आणि हजारो वर्षांच्या रोगाची वाट सापडली. याच कामात हेही दिसलं की साथ आधी गटारांतल्या तपकिरी उंदरांत लागते, मग काही दिवसांनी घरांतल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर माणसांत. म्हणजे ज्या प्राण्याला आपण प्लेगचा गुन्हेगार ठरवलं, तो माणसाच्या आधी प्लेगने मरत होता. उंदीर पडतात ते मेलेले असतात, हे वाक्य आपण रोज उच्चारत होतो आणि तरीही उंदराकडे प्लेगचा बळी म्हणून पाहिलं नाही.

उंदीर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच्या मूत्रपिंडात आरामात राहतात, त्याला काही होत नाही आणि मूत्रावाटे ते पाण्यात जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर कंबरभर गढूळ पाण्यातून चालत घरी गेलं आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण वाढले. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरू नका. उतरावं लागलंच तर डॉक्टरांना दाखवा. यात हळवेपणाला जागा नाही.

बेटांवर तर तो खरा संहारक आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर सील आणि देवमासे मारणाऱ्या जहाजांतून उंदीर उतरले. तिथल्या पक्ष्यांनी जमिनीवर घरटी करायची कारण तिथे झाडच नाही, आणि जमिनीवरचा असा शत्रू त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेवटी हेलिकॉप्टरमधून विष टाकावं लागलं आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. जगात दुसरीकडे कुठे न सापडणारा तिथला छोटा पिपिट पक्षी पुन्हा घरटी करू लागला. मला उंदीर आवडतो आणि मला ही बातमीही आवडली. दोन्ही एकदम जमतं, प्रयत्न करून बघा.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. तो याच तपकिरी उंदराचा वंशज. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ पासून त्याची पद्धतशीर पैदास झाली. आपण कुठे आहोत हे मेंदूला कसं कळतं, याचा पहिला धागा लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्याच मेंदूत मिळाला. २०१४ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. सगळी वाट मनात साठवून ठेवणारा घरकोंबडा प्राणी, त्याच्याच मेंदूत नकाशा सापडावा यात नवल नाही.

आता तुमचं काम. घराच्या आवारात संशयास्पद भिंतीकडेला रांगोळीची बारीक पूड वीतभर रुंदीची पसरा आणि सकाळी बघा. पुढचा पंजा चार बोटांचा, मागचा पाच बोटांचा, आणि मध्ये एखादी बारीक रेघ असेल तर ती शेपटीची. लेंड्या दिसतील, तपकिरी उंदराच्या दीड-दोन सेंटिमीटरच्या, बोथट टोकांच्या. हात लावायचा नाही, काडीनेही उचलायच्या नाहीत, नंतर साबणाने हात धुवायचे. रात्री टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. लाल उजेड त्याला जवळजवळ दिसत नाही. कुठल्या बिळातून कोण, किती वाजता, कुठल्या भिंतीने, काय घेऊन गेलं, एवढं वहीत लिहा. महिनाभर लिहिलंत तर तुमच्या गल्लीतल्या उंदरांविषयी तुमच्याएवढं कुणालाच माहीत नसेल, ही मी हमी देतो.

आता प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न मला ठाऊक आहे, दर वेळी तोच येतो. तो कमोडमधून खरंच वर येतो का? येतो. पट्टीचा पोहणारा आहे, श्वास धरून कमोडच्या वाकड्या नळीतल्या पाण्याखालून जातो, आणि डोकं जिथून गेलं तिथून त्याचं लवचिक अंगही जातं. मैलापाण्याच्या उभ्या पाइपच्या आतून तो पाठ आणि पाय रोवून वरही सरकतो, त्यामुळे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तळमजल्याला हसू नये. विचारा, पुढचा प्रश्न.